ओव्हनच्या तोंडाशी कलर सेन्सर: एअर जॅकेट की ग्लास फायबर?

पावडर कोटिंगमध्ये, म्हणजे धातूच्या वस्तूवर (आमच्या भाषेत जॉबवर) रंगाची कोरडी पूड बसवून ती ओव्हनमध्ये पक्की करण्याच्या कामात, पांढरा रंग वापरणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. १८०-२०० अंशांत जॉब जरा जास्त रेंगाळला की पांढऱ्यावर पिवळट झाक येते, आणि ती नेमकी पॅकिंगच्या टेबलावर दिसते. म्हणून ओव्हनमधून जॉब बाहेर पडतो तिथेच कलर सेन्सर, म्हणजे जॉबवर स्वतःचा उजेड टाकून परत आलेल्या उजेडावरून रंग जोखणारं उपकरण, लावायचं आम्ही ठरवलं. अडचण उष्णतेची. नेहमीच्या सेन्सरची मजल साधारण ५५ अंशांपर्यंत, आणि आमच्या पत्र्याच्या शेडमध्ये मे महिन्यात ओव्हन पेटायच्या आधीच जीव नकोसा होतो.

मार्ग दोन. सेन्सर तिथेच ठेवून त्याला कॉम्प्रेसरच्या हवेवर थंड राहणारं जॅकेट घालायचं. किंवा उष्णतेत फक्त ग्लास फायबरचं, म्हणजे उजेड वाहून नेणाऱ्या काचेच्या तंतूंचं, टोक ठेवून दिवा आणि सर्किट लांब पॅनेलमध्ये न्यायचं. मी आधी जॅकेट वापरलं, आता फायबर वापरतो. कल कुठे आहे ते कळलंच असेल, पण जॅकेटही टाकाऊ नाही. त्यातला सेन्सर लांबून बघू शकतो, त्याच्या उजेडाचा ठिपका मोठा असतो, त्यामुळे हँगरवर जॉब थोडा झुलला तरी आकडा फार हलत नाही. फायबरला जवळ जावं लागतं आणि झुलणारा जॉब त्याला अजिबात सोसत नाही. आम्हाला त्यासाठी बाहेरच्या बाजूला गाइड पट्टी लावावी लागली. कॉम्प्रेसरच्या हवेतलं तेल-पाणी काचेवर बसतं, हा जॅकेटचा त्रास आहेच. पण चांगला फिल्टर लावला की तो आटोक्यात राहतो.

माझं मन उडालं ते लाइट जाण्यामुळे.

लाइट गेली की कॉम्प्रेसर थांबतो, ओव्हन मात्र तापलेलाच राहतो. थंड हवा बंद आणि समोर भट्टी, म्हणजे सेन्सर शेकत बसतो. तो जळला असता तर एक वेळ परवडलं असतं, निदान कळलं तरी असतं. तो जळत नाही, चुकीचं सांगतो. एलईडी तापली की उजेड उतरतो, आणि लाल एलईडीचा निळ्या-हिरव्यापेक्षा जास्त. पिवळेपणा म्हणजे मुळात निळा कमी परत येणं, म्हणून आम्ही निळा आणि लाल यांचं गुणोत्तर बघतो. लालच मंदावला की गुणोत्तर वर जातं आणि पिवळट जॉब पांढराशुभ्र ठरतो. त्यात लाइट आल्यावर सगळ्यात आधी बाहेर पडतात ते ओव्हनमध्ये अडकून करपत राहिलेले जॉब. नेमक्या त्यांनाच आमचा तापलेला सेन्सर बिनदिक्कत पास करत होता. एक अख्खी खेप ग्राहकाकडून परत आली तेव्हा हे उमगलं.

आपल्या दिव्याचा उजेड आतल्या आत मोजून भरपाई करणारे सेन्सरही मिळतात. माझा तसा नव्हता. तुमचा असेल, किंवा कॉम्प्रेसर जनरेटरवर चालत असेल, तर माझं रडगाणं तुम्हाला कदाचित लागू नाही.

फायबरमध्ये हा प्रश्नच मिटला, कारण टोकाशी तापण्यासारखं इलेक्ट्रॉनिक काही नाहीच. मात्र घेताना ‘फायबर’ एवढंच म्हणू नका. प्लास्टिकचं फायबर ७०-८० अंशांतच मान टाकतं. काचेचं, स्टीलच्या आवरणातलं मागा, आणि टोकाला काच कशाने चिकटवली आहे ते विचारा. बऱ्याचदा काचेआधी तो एपॉक्सीच हार मानतो. तीव्र वळण देऊ नका, आतले तंतू तुटतात आणि उजेड हळूहळू कमी होत जातो. फायबर बदललं की सेन्सरला रंग पुन्हा शिकवावा लागतो. पॅनेल ओव्हनला पाठ लावून बसवू नका, नाहीतर लांब नेलेला दिवा तिथे पुन्हा तापणार.

दोन्हींत सारखीच असलेली एक गोष्ट: गरम जॉबचा रंग थंड जॉबसारखा दिसत नाही. पांढऱ्यात फरक कमी, लाल आणि नारिंगीत चांगलाच. त्यामुळे टेबलावरचा थंड नमुना दाखवून शिकवलेला सेन्सर लाइनवर चुकतो. चांगला जॉब ओव्हनमधून बाहेर येताना, गरम असतानाच शिकवा.

सध्या आमच्याकडे फायबरच्या टोकाची काच रोज सकाळी पहिल्या हँगरआधी पुसतात. तेवढं एक काम वाढलं. लाइट अजूनही जाते.