ऑनलाइन मोडी वर्ग : फी भरण्याआधी ‘वही कोण तपासतं?’ ते विचारा

पुण्यातून चालणारे, जुन्या मराठी कागदांची मोडी लिपी शिकवणारे ऑनलाइन वर्ग आता बऱ्याच जणांना माहीत झालेत. 2023 मध्ये जुन्या मोडी कागदांतल्या कुणबी नोंदींचा शोध जोरात सुरू झाला, मोडी वाचणाऱ्यांना मागणी आली आणि वर्गांकडे ओढा वाढला. इतिहासाचे विद्यार्थी, शाळेतले शिक्षक, घरच्या पेटीत जुने कागद सापडलेली मंडळी, सगळे एकाच गटात बसतात. हा मेळ फार चांगला आहे. इनामाचा कागद घेऊन आलेल्या माणसाला महसुली शब्द माहीत असतात, विद्यार्थ्याला घराणी आणि सनावळी माहीत असते, आणि एका ओळीवर दोघे मिळून अडतात तेव्हा खरं शिकणं होतं.

मुळाक्षरं, बाराखडी, रेकॉर्ड केलेले तास, पीडीएफ नोट्स हे कुठल्याही बऱ्या वर्गात मिळतं. रोज तासभर बसलं तर मुळाक्षरं थोड्या दिवसांत हाताखाली येतात. तेवढ्यावर वर्ग निवडू नका. तुम्ही केलेलं लिप्यंतर, म्हणजे मोडीचं देवनागरी, ओळ न् ओळ तपासून कुणी परत देतं का, यावर निवडा. पैसे द्यायचे ते त्याचेच.

कारण मोडीची अडचण अक्षरओळखीच्या पुढे सुरू होते. आधी पानभर आडवी रेघ ओढून घ्यायची आणि मग तिच्याखाली अक्षरं लटकवत जायची, ही मोडीची रीत. शब्दांमध्ये जागा नाही, विरामचिन्हं नाहीत, ओळ संपली की शब्द मधेच तुटून खालच्या ओळीवर जातो. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, त्यामुळे ‘दिन’ आणि ‘दीन’ सारखेच दिसतात. ‘तोकडेने’ अशी अक्षरं लागली तर ती ‘तो कडेने’ की ‘तोकडे ने’, हे पुढची ओळ वाचल्याशिवाय ठरत नाही. व्हिडिओ पाहून हे कळत नाही. तुम्ही चुकीचं तोडलंत आणि कुणी ‘इथे का तोडलंत?’ असं विचारलं, तरच कळतं.

तारखांचा भाग तर गटाची खरी परीक्षा घेतो. पेशवाईतल्या पत्रात बहुधा महिना हिजरी आणि वर्ष सुहूर, म्हणजे त्या काळच्या दफ्तरात चालणाऱ्या सनाचं, असतं. ‘छ’ म्हणजे चंद्र, त्यापुढे हिजरी तारीख. वर्ष अरबी शब्दांत, एककापासून वर चढत जाणारं. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार, एकूण 1161. आता इसवी सन काढायला यात किती मिळवायचे? ‘600 मिळवा’ एवढंच सांगून जो वर्ग पुढे सरकतो, तो अर्धाच शिकवतो. सुहूर सनाला मृगसाल म्हणतात, कारण ते मृग नक्षत्र लागलं की बदलतं. म्हणून मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंत 599 मिळवायचे आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत 600.

पानिपतची लढाई 14 जानेवारी 1761 ची, सुहूर 1161. इथे 600 बरोबर बसतात. नारायणराव पेशव्यांचा खून 30 ऑगस्ट 1773 चा, सुहूर 1174, म्हणजे ‘अर्बा सबैन मया व अलफ’. इथे 600 मिळवलेत तर 1774 येतं आणि पत्र वर्षभर पुढे सरकतं. गंमत अशी की दोन्ही वेळी हिजरी महिना जमादिलाखरच होता. हिजरी महिने चांद्र असल्यामुळे ऋतूंतून सरकत राहतात, त्यामुळे नुसत्या महिन्याच्या नावावरून जानेवारी की ऑगस्ट हे ओळखता येत नाही. आधी अदमासे इसवी सन काढायचा, मग त्या वर्षी तो महिना कधी आला ते जंत्रीत, म्हणजे तारखांच्या तक्त्यात, पाहायचं आणि मगच 599 की 600 ते ठरवायचं. ही तीन पावलं जो शिक्षक फळ्यावर करून दाखवतो, त्याचा वर्ग घ्या. सोबत फसली (महसुली) सन दिला असेल तर ताळाही घेता येतो: दख्खनी फसली सन सुहूरपेक्षा 9 ने जास्त असतो.

बरेच वाचनगट व्हॉट्सअ‍ॅपवर चालतात आणि तिथे एक साधी गोष्ट सगळ्यांना नडते. कागदाचा फोटो नेहमीसारखा पाठवला की तो दाबला जातो, बोरूची बारीक वळणं पुसट होतात आणि मात्रा की शाईचा डाग यावर उगाच वाद झडतात. फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. कागद सपाट ठेवा, फ्लॅश बंद करा, खिडकीचा उजेड बाजूने येऊ द्या. आधी पूर्ण पान, मग चार-पाच ओळींचे जवळून तुकडे, प्रत्येक तुकड्यात आधीच्या तुकड्याची शेवटची ओळ ठेवून. मागची बाजूही पाठवा, पत्र कधी पोचलं याची नोंद कधीकधी तिथेच असते.

संगणकावरचा मोडी फॉन्ट हे दुधारी साधन आहे. 2014 मध्ये मोडी युनिकोडमध्ये आली आणि आता देवनागरी मजकूर चुटकीसरशी मोडीत उमटतो. बाराखडी घटवायला ते ठीक. पण फॉन्टमधलं प्रत्येक अक्षर दरवेळी एकसारखं येतं, आणि कारकुनाच्या हातचं ‘र’ पुढच्यामागच्या अक्षराप्रमाणे रूप बदलतं. सगळा सराव फॉन्टवर घेणाऱ्या वर्गातून बाहेर पडलेल्यांना खऱ्या कागदाची पहिली ओळही लागत नाही. दुसऱ्या आठवड्यापासून मूळ कागद हातात देणारा वर्ग सुरुवातीला जड जातो, पण तोच घ्यावा.

लिप्यंतराची शिस्तही तपासून पाहा. चांगल्या गटात मूळच्या ओळीप्रमाणे ओळ ठेवतात, शुद्धलेखन सुधारत नाहीत, ‘रा॥’ला परस्पर ‘राजश्री’ करत नाहीत, न लागलेलं अक्षर चौकटी कंसात मोकळं सोडतात आणि तर्काने लावलेल्यापुढे प्रश्नचिन्ह देतात. ज्या गटात सगळं सफाईदार, एकही प्रश्नचिन्ह नसलेलं वाचन येतं, तिथे अंदाज वाचन म्हणून खपतोय असं समजा. जमिनीच्या कागदात असा एक अंदाज फार महागात पडतो.

शिक्षकांना एक सुचवावंसं वाटतं. गो. स. सरदेसाईंनी संपादित केलेले पेशवे दफ्तराचे 45 खंड बाळबोधीत, म्हणजे देवनागरीत, छापलेले आहेत. मोडीला हात घालण्याआधी त्यातली वीसेक पत्रं मोठ्याने वाचून घ्या. मायने (पत्राच्या सुरुवातीची संबोधनं), ‘मुक्काम’, ‘बहुत काय लिहिणे’ ही ठरावीक वळणं कानात बसली की मोडी पत्राची सुरुवात आणि शेवट जवळजवळ आपोआप लागतात, आणि जोर मधल्या मजकुरावर देता येतो.

प्रमाणपत्र बहुतेक वर्ग देतात, त्याची फार चौकशी करू नका. त्यापेक्षा वर्गाच्या अखेरीला सगळ्यांना सदाशिव पेठेत भारत इतिहास संशोधक मंडळात नेतात का, ते विचारा. पडद्यावर बोटांनी मोठं करून पाहिलेलं अक्षर प्रत्यक्ष कागदावर केवढंसं असतं, शाई कुठे दाट आणि कुठे विरळ होते, बोरू पुन्हा कुठे बुडवला, हे तिथेच दिसतं, आणि बोरू बुडवलेली जागा ओळखता आली की शब्द कुठे सुरू झाला याचाही कधीकधी माग लागतो.