हेल्मेटखाली रुमाल की बालाक्लाव्हा?
पुण्यात हेल्मेटखाली बरेच जण सुती रुमालच बांधतात. तो स्वस्त आणि धुवायला सोपा असला, तरी घाम शोषून बराच वेळ ओला राहतो आणि मागची गाठ अस्तराखाली दाबली जाऊन डोके दुखू लागते. त्यामानाने पॉलिस्टर-स्पॅन्डेक्सच्या पातळ विणीचा, डोके, तोंड आणि मान एकसंध झाकणारा बालाक्लाव्हा मला अधिक उपयुक्त वाटला, कारण तो लवकर सुकतो आणि हेल्मेटचे अस्तरही कमी मळते. विकत घेताना शिवण सपाट आहे ना, हे बोट फिरवून पाहावेच; कपाळावर आलेली जाड शिवण लांबच्या प्रवासात चांगलीच सलते. चष्मा वापरणाऱ्यांनी नाकावरचे कापड खाली ओढता येईल असाच नमुना निवडावा, अन्यथा पावसाळ्यात काचांवर वाफ धरते. महाबळेश्वरच्या थंडीसाठी फ्लीसचा (लोकरीसारख्या मऊ, जाडसर कृत्रिम कापडाचा) प्रकार ऊबदार खरा, पण मापाचे हेल्मेट त्यावर आवळते, म्हणून डोक्याला पातळ टोपी आणि फ्लीसची नळी केवळ मानेला, ही जोडी बरी. वेष्टनावरच्या ‘प्रदूषणरोधक’ या शब्दावर मात्र विसंबू नये. असले पातळ कापड धूळ काही प्रमाणात अडवते, गाड्यांचा धूर नव्हे.