कोजागरीच्या दुधासाठी कल्हईचे पितळी पातेले : दोन कोजागऱ्यांनंतरचा अभिप्राय

आमच्या इमारतीच्या गच्चीवर कोजागरीला तीसएक माणसे जमतात आणि मसाला दूध आटवण्याचे काम पूर्वीपासून आमच्या घराकडे आहे. त्यासाठी वापरात असलेले स्टीलचे पातेले पातळ बुडाचे होते. कितीही ढवळले तरी दूध कुठेतरी लागायचेच, आणि लागलेल्या दुधाचा करपट वास केशर-वेलदोड्यानेही झाकला जात नाही. म्हणून दोन वर्षांपूर्वी, गणपती झाल्यावर, पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळीतून दहा लिटरचे, आतून कल्हई केलेले पितळी पातेले घेतले. पेशवाईपासून तांब्या-पितळेचे काम करणाऱ्या त्वष्टा कासार कारागिरांची ही आळी आजही हातोडीच्या ठोक्यांनी जागी असते. पातेल्याचे वजन पावणेचार किलो भरले आणि कल्हईसह सुमारे 4,200 रुपये मोजावे लागले. बाहेरच्या अंगाला मठारकाम, म्हणजे हातोडीने ठोकून उठवलेले ठसे आहेत. ते शोभेचे वाटते खरे, पण ठोक्यांनी पत्रा कडक होतो, त्यामुळे एवढे मोठे भांडे भरून उचलले तरी त्याचा काठ वाकत नाही.

दूध लागते ते त्यातील प्रथिने अतितप्त बुडाला चिकटून करपतात म्हणून. स्टीलच्या भांड्यात गॅसच्या ज्योतीखालचा भाग भडकून तापतो आणि कडेचा भाग मागे राहतो. पितळाची उष्णतावाहकता स्टेनलेस स्टीलच्या सुमारे सातपट असल्यामुळे, आणि या पातेल्याचे बूड जाड असल्यामुळे, उष्णता सगळीकडे पसरते. दोन्ही कोजागऱ्यांना दूध जराही लागले नाही. माझ्या दृष्टीने याहून मोठी गोष्ट ही, की सतत ढवळत उभे राहावे लागले नाही. पाच-सहा मिनिटांनी एकदा बूड खरवडून फिरवले की पुरे होते, आणि मधल्या वेळात पाहुण्यांशी दोन शब्द बोलता येतात.

प्रमाण आणि क्रम सविस्तर सांगतो, कारण भांडे कितीही चांगले असले तरी क्रम चुकला तर दूध बिघडते. तीस माणसांना प्रत्येकी 150 मिलिलिटर धरले तर साडेचार लिटर तयार दूध लागते, म्हणून सहा लिटर म्हशीचे दूध घेऊन ते पाऊण भागापर्यंत आटवावे. दहा लिटरच्या भांड्यात सहा लिटरपेक्षा जास्त ओतू नये, कारण उतू जाण्यासाठी दुधाला वरची जागा लागते. ओतण्यापूर्वी पातेले थंड पाण्याने विसळून ओलेच ठेवावे. घरच्या मोठ्या शेगडीवर उकळी येण्यापासून आटेपर्यंत साधारण दीड तास लागतो, तेव्हा चंद्र माथ्यावर यायच्या वेळेचा हिशेब उलटा करून गॅस पेटवावा. साखर अगदी शेवटी घालावी; आधी घातली तर ती तळाशी बसून दूध लागायला निमित्त होते.

साखर घालण्यापूर्वी पाऊण लिटर आटलेले दूध वेगळे काढून ठेवावे. आटल्यामुळे त्याला स्वतःचा गोडवा आलेला असतो आणि मसाला घातल्यावर साखर टाळणाऱ्या ज्येष्ठांनाही थोडे दूध घेता येते. उरलेल्या दुधाला 300 ग्रॅम साखर आम्हाला पुरते. बदाम, पिस्ते आणि काजू प्रत्येकी 100 ग्रॅम आणि वीस वेलदोडे यांची पूड करताना मिक्सर थांबत थांबत फिरवावा, म्हणजे सुक्या मेव्याला तेल सुटून गोळा होत नाही. जायफळ अर्धेच, तेही गॅस बंद केल्यावर किसून घालावे, कारण त्याचा सुगंध उकळीत उडून जातो. केशर मात्र अर्धा तास आधी वाटीभर कोमट दुधात भिजत घालावे. चारोळी घालण्यापूर्वी दोन-चार दाणे चावून पाहावेत. तिला खवटपणा लवकर येतो आणि मूठभर खवट चारोळी सहा लिटर दुधाची वाट लावते.

खाण्याबाबत एवढेच, की भेळ किंवा चिंचेच्या चटणीचे पदार्थ असतील तर ते आधी आटोपून घ्यावेत आणि दूध सर्वांत शेवटी द्यावे. आमच्याकडे बटाटेवडे होतात, मग घरोघरच्या ज्येष्ठ अपत्याचे औक्षण होते, आणि त्यानंतर चांदण्यात पातळ मलमलीच्या फडक्याने झाकून ठेवलेले दूध वाटले जाते.

आता उणिवा. या पातेल्याला कड्या नाहीत. भरलेले भांडे दहा किलोच्या आसपास जाते आणि सांडशीने ते उचलणे धोक्याचे आहे, म्हणून आम्ही ते शेगडीवरून हलवतच नाही, लांब दांड्याच्या डावाने दूध लहान भांड्यांत काढून घेतो. घेणाऱ्याने कड्या बसवलेलेच पातेले मागावे. दुसरी तक्रार कल्हईची. दुकानदाराने करून दिलेली पहिली कल्हई पातळ होती आणि सहा महिन्यांत तळाशी पिवळे डाग दिसू लागले. खरेदी करताना भांडे उजेडात तिरपे धरून आतली सगळी बाजू एकसारखी चंदेरी आहे ना, हे मी पाहायला हवे होते.

कल्हईकडे दुर्लक्ष करून चालत नाही. उघड्या पितळेत आंबट पदार्थ कळकतात, म्हणजे धातू उतरून बिघडतात, आणि दूधही फार वेळ ठेवणे योग्य नाही. कल्हई म्हणजे तापलेल्या भांड्यावर नवसागर टाकून कापसाच्या बोळ्याने पसरवलेला कथलाचा थर. कथील 232 अंश सेल्सिअसला वितळते, उकळते दूध शंभर अंशांच्या आसपासच असते. म्हणून आत दूध असेपर्यंत थर सुरक्षित असतो, पण रिकामे पातेले आचेवर विसरले तर तो जागच्या जागी वितळतो. आतून लाकडी कालथाच वापरावा, तारेची घासणी लावू नये. चिंच आणि मीठ फक्त बाहेरून. उरलेले दूध त्याच रात्री स्टीलच्या डब्यात काढून फ्रिजमध्ये ठेवावे.

वर्षातून तीन-चार वेळा मोठी पंगत ज्यांच्या घरी होते, आणि ज्यांच्या गावात कल्हईवाला अजून येतो, त्यांनी हे पातेले जरूर घ्यावे. चार माणसांच्या कुटुंबाला ते जड पडेल. त्यांना तीन लिटरचे पुरेसे आहे. आमच्या पातेल्याची दुसरी कल्हई आळीतल्याच एका वृद्ध कारागिराने दाट करून दिली, आणि यंदाच्या कोजागरीनंतरही तिच्यावर एकही डाग नाही.