शाळेचा गणवेश: तयार घ्यावा की शिवून? साताऱ्याच्या बाजारातला माल पारखताना

गणवेशाच्या बाजूने सगळ्यात जुना मुद्दा बरोबरीचा. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1924 साली वसतिगृह काढून वेगवेगळ्या जातींच्या मुलांना एका पंगतीला बसवलं ते याच साताऱ्यात, त्यामुळे इथे तो कुणाला पटवावा लागत नाही. पण रंग एक असला म्हणून कापड एक नसतं. दिवाळी येईतो कुणाचा शर्ट पांढरा राहतो, कुणाचा पिवळट पडतो, आणि कुणाच्या घरची ओढाताण किती ते वर्गाला पुन्हा कळतं.

तयार शर्टाला आम्ही पास करतो. बहुतेक शर्ट पॉलिस्टर-सुती मिश्र कापडाचे असतात. पॉलिस्टर जास्त असलेला शर्ट जून-जुलैच्या संततधारेत पंख्याखाली रात्रीत वाळतो, पण मार्च-एप्रिलात घाम टिपत नाही आणि काखेत-मानेला पुरळ उठतं. सुती भाग जास्त असेल तर उलटं: अंगाला बरा, पण पावसाळ्यात ओलसर राहून बुरशीचे काळे ठिपके धरतो आणि पहिल्या धुण्यात लांबीला अर्धा-पाऊण इंच आटतो. दोन जोड घेणारच असाल तर एकेक प्रकारचा घ्या. ब्लीच टाळा, मिश्र कापड त्यानेच पिवळं पडतं. नीळ चालते, पण पाण्यात नीट विरघळवून, नाहीतर डाग पडतात.

पँटचं मात्र वेगळं. तयार पँट उलटी करून बघा. मागच्या शिवणीत कमरेला दीड इंच दाब, म्हणजे पुढे उसवून सैल करता येईल असं आत सोडलेलं जादा कापड, आणि पायाला अडीच-तीन इंच दुमड हवी. स्वस्त मालात दाब जेमतेम अर्धा इंच असतो, दुमड एक इंच. कापडात वाचवलेले हे चार पैसे पालकांना महागात पडतात, कारण मूल वर्षात दोन इंच सहज वाढतं आणि धडधाकट पँट आखूड होऊन बाद होते. बैठकीची शिवण दुहेरी आहे का, खिशाच्या तोंडाला दोन्ही टोकांना पक्की आडवी टीप आहे का, तेही तपासा. नुसत्या ओव्हरलॉकवर, म्हणजे कापडाच्या कडेचे धागे सुटू नयेत म्हणून घातलेल्या टिपेवर, भागवलेली शिवण कबड्डीच्या पहिल्या तासालाच उसवते. काही जण यावर उपाय म्हणून दोन मापं मोठी पँट घेतात. ती कमरेत झोळ पडून पायात येते आणि वर्षभर दुमडून दुमडून पायाकडे विरते. दाब असलेली बेताची पँट केव्हाही बरी.

म्हणून पँट शिवून घ्यावी हे आमचं मत. दहा वर्षांच्या मुलाच्या फुल पँटला 58 इंच पन्ह्याचं (रुंदीचं) मीटरभर कापड पुरतं. टेलरला दाब आणि दुमड सोडायला आधीच सांगा. न सांगता सोडेलच असं नाही. माप मेच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत द्या. शाळा उघडायच्या तोंडावर दिलेलं काम घाईत होतं आणि काजं उसवतात.

सरकारी शाळांतल्या मोफत गणवेशाचं गणित याहून अवघड. समग्र शिक्षा अभियानातून एका जोडाला 300 रुपये मिळत. त्यात कापड आणि शिलाई दोन्ही बसवायची म्हटल्यावर दाब कुठून सुटणार? 2024-25 मध्ये राज्यभर एकच गणवेश द्यायचं ठरलं, पण कित्येक मुलांना तो वेळेत मिळाला नाही, आणि त्याच वर्षाअखेरीस शासनाने हे काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे सोपवलं. माप घेणारा गावातच असला की चुकलेली बाही बदलून तरी मिळते.

मुलींच्या गणवेशाला कमी गुण द्यावे लागतात. तयार कमीजला खिसा बहुधा नसतोच. रुमाल, बसचे पैसे ठेवायचे कुठे? शिवून घेत असाल तर बाजूच्या शिवणीत पाच-सहा इंच खोल खिसा टाकायला सांगा. स्कर्टच्या चुण्या पॉलिस्टर-व्हिस्कोस कापडात टिकतात, सुतीत रोज इस्त्री मागतात. इस्त्री उलट्या बाजूने, कमी आचेवर. गडद निळ्या कापडावर सरळ फिरवली की चकाकी येते आणि ती जात नाही.

दुकानात पैसे देण्याआधी बदलून मिळण्याची मुदत पावतीवर लिहून घ्या, आणि लेबल काढण्याआधी मुलाला घालून खाली मांडी घालून बसवा. उभ्या मापात कमरेचा ताण कळत नाही.