रॅपियरचं कार्ड आता विट्यातच दुरुस्त होतंय

यंत्रमागवाल्यांनो, रॅपियरचं (बिनधोट्याच्या मागाचं) इलेक्ट्रॉनिक कार्ड गेलं की लगेच इचलकरंजीची गाडी धरू नका. आपल्या विट्यात मायणी रोडला कार्ड रिपेअरचं दुकान निघालंय. एकच गाळा आहे, पण काम पक्कं.

माझ्या एका मागाचं पॉवर सप्लायचं कार्ड ऐन उन्हाळ्यात गेलं. सकाळी माग चालायचा, तापला की बंद. डीलरनं नव्या कार्डाचे 25 हजारांच्या वर सांगितले, तेही मागवून घ्यावं लागणार होतं. इथला पोरगा खानापूर तालुक्यातलाच, चाकणची नोकरी सोडून आलेला. त्यानं आधी ब्रशनं कार्डावरची रुई झाडली आणि भिंगाखाली मलाच बघायला लावलं. दोन कपॅसिटर डोक्यावर फुगलेले, आणि कनेक्टरच्या पिनेभोवती सोल्डरला केसाएवढी गोल चीर. माग दिवसरात्र हादरतो, त्यानं ती पडते. गार असताना चिकटून राहते, तापलं की सुटते. दुरुस्त केल्यावर कार्ड रात्रभर लोडवर चालवलं, काढलेले पार्ट पिशवीत घालून परत दिले. 2,200 रुपये झाले. तेव्हापासून माग बिनतक्रार चालतोय.

त्याच्या टेबलावर माझ्या कार्डाशेजारी आटपाडीच्या डाळिंबवाल्याचा सोलर पंपाचा कंट्रोलर होता, पलीकडं कडेगावच्या दूध संकलन केंद्राचं फॅट मशीन. हे बघून मला फार बरं वाटलं. आपल्या भागातली माणसं गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या धंद्यासाठी देशभर गेली, माझे चुलतेही केरळात आहेत. त्यांच्या पैशावर इथं घरं उठली, माग बसले. टेंभू उपसा सिंचन योजनेचं पाणी आलं तशा बागा वाढल्या, मोटारी वाढल्या. 2021 च्या स्वच्छ सर्वेक्षणात एक लाखाच्या आतल्या शहरांत विटा देशात पहिलं आलं. एवढं सगळं झालं, तरी मशीन बिघडलं की आपण पिशवी घेऊन बाहेरगावी. तेवढ्या वेळात माग उभा, आणि मीटरवर मजुरी घेणाऱ्या कामगाराचा रोज बुडतो. आता आजूबाजूच्या तालुक्यांतली माणसं कामासाठी विट्यात येतायत. आली की बाजार करतात, दवाखाना उरकतात, पोराच्या कॉलेजची चौकशी करून जातात. पुढारी मोठ्या कारखान्याची आश्वासनं देतात, द्यावीतच. पण मला विचाराल तर असे दहा गाळे आधी हवेत. बेअरिंगचा, मोटार रिवाइंडिंगचा, वजनकाटे दुरुस्तीचा. कारखाना आला तरी त्याला हीच माणसं लागणार.

कमीही सांगतो. सर्व्हो ड्राइव्ह, म्हणजे सर्व्हो मोटार चालवणारं युनिट, तो घेत नाही, त्याला अजून इचलकरंजीच. तसं तोंडावर सांगतो, उगाच ठेवून घेत नाही. दुपारी फोन उचलत नाही. जीएसटीचं बिल मागितलं तरच मिळतं. आणि एकटाच असल्यानं सीझनला काम साठतं. त्यानं आयटीआयची दोन पोरं हाताखाली घेऊन शिकवावीत असं मी त्याला बोललोय, जागा शोधायलाही मदत करणार आहे.

जाणार असाल तर कार्ड काढण्याआधी कनेक्टरचे फोटो काढून ठेवा, आणि माग कधी बंद पडतो, गार असताना की तापल्यावर, ते नीट सांगा. शेडचं अर्थिंगही एकदा तपासून घ्या.

पाचपैकी साडेचार.