नऊ महिने पास्ता मशीन वापरल्यावर: कशासाठी घ्यावं, कशासाठी नाही

गेल्या जूनमध्ये भांडी बाजारातून हाताने फिरवायचं पास्ता मशीन आणलं, 2,400 रुपयांना. स्टीलचं आहे. आत दोन रोलर, बाजूला जाडी ठरवायला 1 ते 7 आकड्यांची चकती, आणि वर बसवायचा कटर, त्यात एक पट्टी साधारण 2 मिलिमीटरची आणि एक 6 मिलिमीटरची. नऊ महिन्यांत तीस-पस्तीस वेळा तरी वापरलं असेल. घेताना मला कुणी सांगितलं नव्हतं, ते आधी सांगते.

यातून पेने, मॅकरोनी होत नाही. ते पीठ सोऱ्यातल्या चकलीसारखं जाळीतून दाबून काढतात. आपलं मशीन म्हणजे पोळपाट-लाटणं आणि सुरी: लाटणार आणि कापणार. म्हणजे पट्ट्या, लझानियाच्या पोळ्या आणि सारण भरलेली राव्हिओली, एवढंच. माझ्या मुलांना रोजच्या डब्याला पेनेच लागतो, तो अजूनही पाकिटातलाच येतो आणि पुढेही येईल. पाकिटातला पास्ता कमअस्सलही नाही. तो ड्युरम गव्हाचा रवा आणि पाण्याचा, वाळवलेला. शिजायला दहा मिनिटं लागतात आणि दाताखाली चांगला लागतो. घरचा अंड्याचा पास्ता दोन-तीन मिनिटांत शिजतो, मऊसूत असतो आणि लोणी-लसूण अंगात मुरवून घेतो. खुद्द इटलीत दोन्ही चालतात: उत्तरेकडे बोलोन्याच्या बाजूला अंड्याच्या ताज्या पट्ट्या, दक्षिणेकडे रव्याचा वाळवलेला.

दुसरी अडचण ओट्याची. मशीन टेबलाच्या कडेला क्लॅम्पने आवळावं लागतं. आमच्या ओट्याच्या ग्रॅनाइटला पुढून दुहेरी पट्टी आहे, क्लॅम्पचं तोंड तेवढं उघडतच नाही. शेवटी जेवणाच्या टेबलावर सोय केली, खाली जुना टॉवेल घालून. घेण्याआधी आपल्या ओट्याची कड मोजा.

आता कणीक, कारण सगळं तिच्यावर आहे. पुस्तकी माप 100 ग्रॅम पिठाला एक अंडं. पण आपल्याकडची अंडी लहान निघतात, त्यामुळे दोन अंड्यांवर एक बलक जास्त घालते. पीठ म्हणजे 150 ग्रॅम मैदा आणि 50 ग्रॅम बारीक बन्सी रवा. बन्सी हा ड्युरमच्याच जातीचा गहू. नुसत्या मैद्याचा पास्ता गिळगिळीत होतो, रव्याने त्याला अंग येतं. गिरणीचं गव्हाचं पीठ दोनदा वापरून पाहिलं. पाणी फार पितं, आणि कोंड्यामुळे पातळ पोळीला भोकं पडतात. गोळा पुरीच्या कणकेपेक्षाही घट्ट हवा, इतका की मळताना हात भरून येतो. मग अर्धा तास झाकून ठेवायचा. हा अर्धा तास वाचवायला गेलात की पोळी आखडते.

पहिल्यांदा रोलरमधून काढलेली पोळी फाटकी, दातेरी निघते. घाबरू नका. तिची तिहेरी घडी घालून पुन्हा 1 नंबरवर फिरवायची, असं सात-आठ वेळा. मग एका फेरीला ती एकदम नितळ होते, वरून बोट फिरवलं तर जुन्या सुती साडीसारखी लागते. तिथून पुढे एकेक आकडा वाढवायचा. रुंद पट्ट्यांना मी 5 वर थांबते, राव्हिओलीला 6.

श्रावणात झड लागली तेव्हा हेच माप बिघडलं. हवेतली ओल पिठात उतरत होती, बारीक कटरमधून पट्ट्या सुट्या न होता जुडीने बाहेर पडत होत्या. तेव्हापासून पावसाळ्यात जास्तीचा बलक वगळते आणि कापण्याआधी पोळी दहा मिनिटं पंख्याखाली ठेवते. थंडीत उलट, इथली हवा इतकी कोरडी की कडा तडकतात, ओलं फडकं लागतंच.

पहिल्याच आठवड्यात मी मशीन पाण्याने धुतलं. आत चिकटलेलं पीठ भिजून लगदा झाला आणि दोन दिवसांत आतल्या पट्टीवर गंजाचे ठिपके आले. फार वाईट वाटलं. याला पाणी अजिबात लावायचं नाही. चिकटलेलं वाळू द्यायचं, मग कोरड्या ब्रशने झाडायचं. अगदी नवं असताना कणकेचा एक गोळा नुसता फिरवून टाकून द्यायचा, म्हणजे कारखान्यातलं तेल त्याला लागून निघून जातं.

खर्चाचं म्हणाल तर तिघांना पुरेल एवढा पास्ता पंचवीस-तीस रुपयांत होतो. पण वेळ धरा, मळण्यापासून पुसून ठेवेपर्यंत सव्वा तास. रविवारी दुपारी हा वेळ मला आवडतो. धाकटी दांडा फिरवते, मी पोळी खालून झेलते. पिंपळगावकडचे टोमॅटो लसणावर परतायचे, कुंडीतल्या सब्जाची पानं हाताने तोडून वर टाकायची. लिटरला 10 ग्रॅम मीठ घालून उकळलेल्या पाण्यात पट्ट्या शिजवायच्या आणि त्यातलंच वाटीभर पाणी सॉसमध्ये घालायचं. पिठाच्या त्या पाण्याने सॉस पट्ट्यांना धरून राहतो. आधी मी ते सरळ ओतून देत होते.

आई निफाडहून आली तेव्हा तिने पोळी हातात घेऊन पाहिली आणि म्हणाली, "अगं, ही तर चकोल्यांची कणीक!" दुसऱ्या दिवशी कणकेत हळद-ओवा घालून तिने 4 नंबरवर पोळ्या काढल्या, शंकरपाळ्यासारख्या कापून आमटीत सोडल्या. सगळ्या सारख्या जाडीच्या, एकही कच्ची राहिली नाही. दिवाळीत करंजीच्या पाऱ्या आम्ही यावरच लाटल्या. मोहन घातलेली पारी 5 च्या पुढे फाटते, तिथे थांबायचं. साठ करंज्या दीड तासात भरून झाल्या आणि लाटून लाटून दुखणारा आईचा उजवा खांदा या वर्षी शांत होता. माझे पैसे खरे वसूल झाले ते त्या दिवशी.

आता चैत्रात शेवयांसाठी मशीन निफाडला पाठव असा तिचा फोन आला. बारीक कटरनेही पट्टी 2 मिलिमीटरचीच पडेल, गोल बारीक शेवई यातून उतरायची नाही, हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, पट्टीची तर पट्टीची, गुळाच्या दुधात शिजवून बघू. बन्सी गहू तिने निवडून ठेवलाय.