हाताने रंगवलेला कॅनव्हास, छापील कापड की कागदाचा रोल? कोल्हापुरातल्या पोर्ट्रेट स्टुडिओसाठी

फोटोत माणसामागं लावायचा पडदा घ्यायचा म्हटलं की आधी रंग बघितला जातो. त्याआधी टेप घेऊन गाळ्याची लांबी मोजा. फुल फ्रेम (३६ बाय २४ मिमी सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर ८५ मिमी लेन्स असेल तर कमरेपर्यंतच्या फोटोला माणसापासून साधारण ८ फूट मागं यावं लागतं, पायापर्यंतच्या उभ्या फोटोला १६-१७ फूट. माणसामागं पडद्यापर्यंत ३ फूट आणि तुम्हाला उभं राहायला २ फूट धरले तर एकूण १३ आणि २२ फूट होतात. महाद्वार रोडसारख्या दाट बाजारपेठेत २२ फूट लांब गाळा मिळणं अवघड. मग ५० मिमी लेन्स लावून १० फुटांवरून उभा फोटो काढावा लागतो.

निवड याच लांबीवर ठरते. ८५ मिमी, माणूस ८ फुटांवर, पडदा त्याच्या ३ फूट मागं आणि एफ ८ (लेन्सचं छिद्र लहान) असेल, तर पडद्यावरची चारेक मिलिमीटरपर्यंतची बारीक गोष्टच पुसट होते. त्याहून मोठी चुणी किंवा डाग फोटोत येतो. तीच लेन्स एफ २ वर (छिद्र मोठं) आणि पडदा ६ फूट मागं असेल तर ३ सेंटिमीटरपर्यंतचं सगळं विरघळतं. म्हणून लांब जागा असेल तर छापील कापडावर छान भागतं. रंगवलेल्या कॅनव्हासची खरी गरज आखूड गाळ्याला असते, कारण तिथं पडदा दिसतोच.

छापील घ्यायचा तर फ्लेक्स नको. त्यावर लाइटचा पांढरा चट्टा उमटतो. मॅट पॉलिस्टर कापड घ्या. ते हलकं असतं, घडी घालून मंगल कार्यालयातल्या शूटला नेता येतं आणि स्टीम इस्त्रीने चुण्या जातात. त्याची अडचण वेगळीच आहे: ते बहुतेक दुसऱ्या पडद्याचं छायाचित्र असतं, त्यामुळं त्यात उजेडाची दिशा आधीच छापलेली असते. तुमचा लाइट उलट्या बाजूला असला की पडदा खोटा वाटतो.

कागदाचा रोल एकसारख्या पांढऱ्या-काळ्या रंगासाठी उत्तम. ९ फुटी रोल सुमारे ३६ फूट लांब येतो. उभ्या फोटोला १४ फूट सोडला आणि मळलेला तुकडा दर वेळी ५ फूट कापला, तर पाच कापांनंतर उरलेला तुकडा उभ्या फोटोला पुरत नाही. पावसाळ्यात दमट हवेने त्याला लाटा येतात. रोल आडवा न ठेवता उभाच ठेवा.

आता कॅनव्हास. कापड १० ते १२ औंसाचं (एका चौरस यार्डाचं वजन) सुती हवं. मांजरपाट स्वस्त पडतो, पण तो रंगाच्या ओलीने आकसून लोंबतो आणि मागून उजेड आला की आरपार दिसतो. ८ फुटी पन्हा मिळाला नाही तर जोड आडवा शिवून घ्या. वजनाने तो ताणला जाऊन सपाट राहतो. उभ्या जोडाच्या बाजूने चुण्या पडतात. कापड आकसतं, म्हणून चारही बाजूंनी सहा-सहा इंच जादा ठेवायचं, चौकटीवर ताणायचं आणि मगच अस्तर, म्हणजे रंगाआधीचा तळचा थर, द्यायचं. अस्तर पातळ हवं. जाड थर गुंडाळताना तडकतो. वरचा रंग मॅट अ‍ॅक्रिलिक किंवा मॅट इमल्शन. ऑइल पेंट चमकतो. जुन्या पद्धतीचा सरसातला रंग दिसायला फार सुंदर, पण कोल्हापूरच्या जुलैत त्याला बुरशी धरते.

आनंदराव आणि बाबूराव पेंटर यांनी नाटक कंपन्यांचे पडदे रंगवलेलं हे गाव, त्यामुळं पडदा रंगवून घ्यायची कल्पना इथं कुणाला नवी नाही. तरी पेंटरला स्पष्ट सांगा: महाल नको, बाग नको, ठळक कडा नकोत. नाटकाचा पडदा प्रेक्षकाला लांबून वाचता यावा म्हणून रंगवतात. पोर्ट्रेटच्या पडद्यावर नजर अडकता कामा नये. जवळजवळच्या तीन-चार छटा, आधीची ओली असतानाच पुढची, मोठ्या ब्रशने आणि स्पंजने एकमेकींत मिसळलेल्या. मधोमध उजळ गोल रंगवून घेऊ नका. बसलेल्या माणसाला तो डोक्याच्या वर जातो. उजळपणा लाइटने आणता येतो.

ताब्यात घेताना कोरड्या पांढऱ्या फडक्याने दोन-तीन जागी घासून बघा. रंग फडक्याला लागला तर तो उद्या नवरीच्या शालूलाही लागणार. मग एक फ्लॅश बाजूने मारून फोटो काढा. चमकणारे पट्टे असतील तर लगेच कळतात.

८ बाय १० फुटांचं १२ औंसी कापडच ३ किलो भरतं, वर रंगाचं वजन. टांगायला पीव्हीसी पाइप घेतला तर तो मधे वाकतो आणि पडद्यावर तिरप्या चुण्या पडतात, म्हणून जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाइप वापरा आणि खालच्या नेफ्यातही एक घाला. घडी कधीच नको. किमान ३-४ इंची नळीवर रंगाची बाजू बाहेर ठेवून गुंडाळा.

पहिला एकच घ्यायचा तर किंचित तपकिरी झाक असलेला मध्यम राखाडी घ्या. त्यावर कोल्हापुरी साज उठून दिसतो आणि हिरवी पैठणीही. लाइट कमी केला की तो काळपट होतो, वाढवला की फिकट. कमरेपर्यंतच्या फोटोला ८ बाय १० पुरेसा. पायापर्यंत हवा असेल तर जमिनीवर पसरायला धरून ८ बाय १४. कुटुंबाच्या आडव्या फोटोला मात्र ८ फूट रुंदी कमी पडते: ५० मिमीवर पडदा कॅमेऱ्यापासून १३ फुटांवर असला की चौकटीत सव्वानऊ फुटांहून जास्त रुंदी येते. असे फोटो रोज असतील तर १० फूट रुंदच सांगा.